जावयासाठी दुरुस्त झालेला गीझर

जावई, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, दिवाळसणाला येणार म्हणून आमच्या घरातला गॅसचा गीझर दुरुस्त झाला. आईसाठी तो चार वर्षं दुरुस्त झाला नव्हता. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगताना माझी बाजू घ्यायला कुठंच जागा सापडत नाही.

दुष्काळाची वर्षं होती. आमची कॉलनी नवी. डांबरी रस्ता यायच्या आधीच तिथं तीन-तीन मजले चढले होते आणि ज्यानं त्यानं बोअर मारून जमिनीतलं होतं नव्हतं ते पाणी उपसलं होतं. नळ आठवड्यातून एकदा, तोही लहर आली तर. बाकी सगळं टँकरवर. ते पाणी इतकं जड, की नळाच्या तोंडाला, बादलीच्या कडेला, चहाच्या पातेल्यालाही पांढरा थर बसायचा. कॉलनीत काहीही बिघडलं की उत्तर ठरलेलं होतं : पाण्यानं खाल्लं. मिक्सर बंद पडला तरी लोक आधी टँकरला शिव्या द्यायचे.

अशाच एका थंडीत गीझर पेटेना. मी वाकून पाहिलं, तर त्याच्या बुडाशी पांढरी पूड जमलेली. झाला निकाल. पाण्यानं खाल्लं. मी साधं झाकणही उघडलं नाही. पाऊसपाणी नीट झालं की नवा घेऊ, असं बायकोला सांगितलं. प्यायला पाणी नाही तिथं गीझर काय चाटायचाय, असंही वर म्हणालो. पुढं गीझरच्या नॉबला फरशी पुसायचं फडकं वाळत पडायला लागलं.

आई मात्र तेव्हा एकदा बोलली होती. तिचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. रानात वाड्यावर बॅटरी हाताशी लागायची, आणि बॅटरीत सेल फार दिवस तसेच राहिले की ते पाझरून पांढरे होतात, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिनं ती पूड बोटावर घेतली, चिमटीत चोळली.

"हे पाण्याचं नाय," ती म्हणाली. "सेल बदलून बघ की."

मी हसलो. आई, ही मेंढरांमागची बॅटरी नाही, म्हणालो. बायकोही हसली. चितेगावच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. लोकांच्या मशिनी उघडून दुरुस्त करायचा पगार घेणाऱ्याला आई काय शिकवणार? ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

तेव्हापासून पहाटे शेगडीवर पाणी तापवायचं काम तिनं आपणहून घेतलं. आपणहून म्हणजे, आमच्यातलं कुणी उठलं नाही म्हणून. मोठं भगोणं दोन्ही हातांनी धरून ती ते स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत न्यायची. आधी माझं, मग बायकोचं, मग बहिणीचं. स्वतःला उरलंसुरलं कोमट. साखरेचा आजार तिला होताच. पायाला मुंग्या येतात म्हणायची, आम्ही हूं म्हणून सोडून द्यायचो.

तिसऱ्या हिवाळ्यात भगोणं हिंदकळलं आणि उकळतं पाणी तिच्या उजव्या पावलावर सांडलं. ती ओरडली नाही. फडक्यानं फरशी पुसली आणि दुसरं पाणी ठेवलं. आई किती सोशिक आहे, असं मी त्या दिवशी कंपनीत कौतुकानं सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी भला मोठा फोड दिसला, तेव्हा कळलं की त्या पायाला काही जाणवतच नव्हतं. जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली. पाणी तापवायचं काम मग बायकोकडं आलं, आणि तरीही मी गीझर उघडला नाही. दवाखान्याच्या चकरांतून सवड कुठंय, हे नवं कारण मला मिळालं होतं.

मग बहिणीचं लग्न झालं, लासूर स्टेशनला, आडतीचा धंदा असलेल्या घरात. पहिला दिवाळसण आला. जावयाला उटणं लावून पहाटे अंघोळ घालायची, आणि पाणी भगोण्यातून वाहून आणायचं? माझी मान खाली गेली असती. दोन दिवसांत मी शहागंजातून एक म्हातारा मिस्त्री गाठून आणला.

त्यानं नॉबवरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं. गीझरच्या बुडाची छोटी डबी उघडली. आत दोन सेल, फुगून फुटलेले, पांढरे पडलेले.

"इसको कुछ नहीं हुआ, साब," तो म्हणाला. "सेल सड़ गये."

त्यानं पॉलिश पेपरनं डबीतल्या पत्र्या घासल्या, जाळी धुतली, गॅसची नळी बदलली, ठिणगी पाडणारे नवे सेल घातले. नळ सोडला तशी टकटक झाली आणि निळी आच पेटली. खिडकी उघडी ठेवत जा, एवढं बजावून तो चहाला बसला. आई दारात खुर्चीवर बसून सगळं पाहत होती. तिनं मला फाडफाड बोलून घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं मिस्त्रीला चहात साखर बरोबर आहे का, एवढंच विचारलं.

पाडव्याला जावई अर्धा तास न्हाला. बाहेर येऊन त्यानं पाण्याचं कौतुक केलं, आणि मला ते चपराक बसावी तसं लागलं. तो नाश्त्याला बसला तसा मी आईला धरून न्हाणीत नेलं, स्टुलावर बसवलं. आज तू नळाच्या गरम पाण्यानं अंघोळ कर, म्हणालो. पाण्यात आधी माझा हात घातला, सोसेल एवढं केलं आणि धार तिच्या पावलांवर सोडली. ती पायाकडं बघत बसली.

"गरम हाय का रं?" तिनं विचारलं. "पायाला कळंना."

"गरम आहे, आई."

"मग बंद कर," ती म्हणाली. "उगं माझ्यावर गॅस जाळू नको."