पत्रावळीचं झाड

आमच्या घरामागच्या झाडाला जर्मन लोक शिर्म-माग्नोलिए म्हणतात. शिर्म म्हणजे छत्री. हातभर लांब पानं फांदीच्या टोकाला गोल पसरतात, उघड्या छत्रीच्या काड्यांसारखी, म्हणून हे नाव. मी पावसात त्याखाली उभी राहून पाहिलंय. चिंब भिजायला होतं. नाव ठेवणाऱ्याने तेवढी तसदी घेतली नसावी.

आमच्या घरातलं नाव सासूबाईंनी ठेवलं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे, जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या या गावात राहायला आल्या. आल्या आल्या त्यांनी एक पान तोडलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "छत्री कसली डोंबलाची? ही पत्रावळ आहे." त्यांच्या माहेरी पळसाच्या पत्रावळी घरीच लावायचे. इथे त्यांनी माझ्या टूथपिक घेतल्या, चार पानं टाचली आणि पत्रावळ माझ्यासमोर ठेवली. तेव्हापासून आमच्याकडे ते पत्रावळीचं झाड. माझी मुलगी आमच्याशी सगळं जर्मनमध्ये बोलते, पण खाली खेळायला जाताना "इश बिन बाइम पत्रावळीचं झाड", म्हणजे मी झाडापाशी आहे, असंच ओरडून जाते. कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसावं.

रोज काही आम्ही त्या पानांवर जेवत नाही. पितृपक्षात सासऱ्यांच्या तिथीला त्यावर भात, वडे, खीर वाढायची, झाडाखाली गवतावर ठेवायची आणि कावळ्याची वाट बघायची. कावळे इथे भरपूर आहेत. ते व्हिसा विचारत नाहीत.

खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना मात्र हे सगळंच खुपत होतं. पानं ओली झाली की पाय घसरतो, पन्हाळी तुंबते, आणि आता वर कावळे. त्यांनी झाड तोडायचं काढलं. बाग इमारतीतल्या सगळ्यांची, म्हणून सगळ्यांचा होकार हवा. बाकीच्यांनी देऊन टाकला. आमचा राहिला होता.

आमचा म्हणजे नवऱ्याचा, घर त्याच्या नावावर आहे ना. दिवसभर गाड्यांच्या कारखान्यात लोकांशी वाद घालतो आणि घरी आला की त्याला फक्त शांतता हवी असते. "जाऊ दे ना. एका झाडापायी शेजाऱ्याशी वाकडं कशाला? रविवारी हो सांगून टाकतो."

"अहो, पानं मी झाडते. सगळी."

"प्रश्न पानांचा नाहीये."

"मग कशाचा आहे?"

तो उठून खिडकी बंद करायला गेला. कशाचा ते मला माहीत होतं. आम्ही कुणाला त्रास न देणारी माणसं आहोत. खिडकी बंद करून फोडणी देतो. रविवारी कुकरची शिट्टी होऊ देत नाही. दिवाळीला पाहुणे आले की जिन्यात त्यांना हळू बोलायला सांगतो. "तुमचा काही आवाजच येत नाही," असं कौतुक होतं आमचं. मला त्या कौतुकाचा वीट आला होता.

तिथी नेमकी शनिवारी आली. सासूबाईंनी सकाळीच पानं तोडून पुसून ठेवली. कुणी बघेल म्हणून नवरा म्हणाला, या वर्षी बाल्कनीत ठेवू. मी ऐकलं नाही. भर दुपारी, खालच्या खिडकीसमोर, पत्रावळ झाडाखाली ठेवली आणि खीर त्यालाच वाढायला लावली. गृहस्थ पडद्यामागे उभे होते. बघू देत.

कावळे आले, कुंपणावर बसले आणि खाली उतरेनात. एरवी भाजीच्या पिशवीवर झडप घालणारे हे कावळे! भात निवला. सासूबाईंचा चेहरा उतरला. "काहीतरी राहिलंय त्यांचं," त्या मुलाला म्हणाल्या. "तू बोल."

दहाव्याला कावळा शिवला नाही की बोलतात तसं त्याने हात जोडले. जर्मन बागेत ऑफिसचा शर्ट घालून. "बाबा, आईला सांभाळेन." कावळा हलला नाही. "नातीला मराठी शिकवेन." हे ऐकून तर त्याने तोंडच फिरवलं. "पुढच्या वर्षी गावी येऊन सगळं करेन." काही नाही. मुलगी आजीचा हात धरून बापाकडे बघत होती, मग झाडाकडे बघायला लागली. नवऱ्याने ते पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, आणि या वेळी आवाज चांगला मोठा होता, "हे झाड मी तोडू देणार नाही."

कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला. त्याला भूक लागली असेल, मला विचाराल तर एवढंच. पण सासूबाई रडत होत्या, आणि बापाला दिलेला शब्द मागे घेणारा माझा नवरा नाही.

तेवढ्यात गृहस्थ बाहेर आले. कावळ्यांना असं खायला घालणं बरोबर नाही, म्हणाले, आणि झाड 'ब्लाइब्ट', म्हणजे राहतंय, की जातंय, तेही आत्ताच सांगून टाका. एवढ्या वर्षांत नवरा त्यांच्याशी बोलताना नेहमी आधी माफी मागायचा. या वेळी त्याने फक्त खिरीचे हात पँटला पुसले.

"नाइन," तो म्हणाला. चक्क नाही. "पत्रावळीचं झाड ब्लाइब्ट."