आम्ही सहज आलोय

माझ्या धाकट्या भावाला सगळे शेठ म्हणतात, कारण त्याच्या खिशात कधी दमडी नसते. घोडा झालाय नुसता. दिवसभर पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर चार मित्रांबरोबर बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवणं हा त्यांचा धंदा. त्यांच्यातलाच कुणी कामाला निघाला, तर "साहेब निघाले!" म्हणून त्याला असं पिडतात की तो मुकाट्याने परत येऊन बसतो. मला या कट्ट्याची मनापासून चीड आहे.

मी औषधांच्या गोदामात पॅकिंगला आहे. तिथे माल मोजून घेणाऱ्याची जागा रिकामी झाली, तेव्हा मॅनेजरसाहेबांच्या हातापाया पडून शेठसाठी शब्द टाकला. आईने त्याच्या शर्टाला इस्त्री केली.

"एकटाच ये," मी बजावलं.

"हो गं ताई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

आला तो सगळं लटांबर घेऊन. इस्त्रीचा शर्ट दिसल्यावर ते मागे लागले असणार. ऑफिसबाहेरच्या बाकावर दाटीवाटीने बसले. एकाने मोबाइल मोठ्याने लावला, दुसरा वजनकाट्यावर चढून स्वतःचं वजन बघू लागला. काचेतून बघताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

साहेब बाहेर गेले. "कामासाठी कोण आलंय?"

शेठने मित्रांकडे पाहिलं. ते हसायच्या तयारीतच होते.

"कोणी नाही," तो म्हणाला. "आम्ही सहज आलोय. ताईला न्यायला."

भर दुपारी, पाच जण, ताईला न्यायला! साहेब आत आले आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. संध्याकाळी वॉचमनच्या भाच्याला कामावर घेतलं.

घरी उलट शेठची माझ्यावरच तोफ. "तू बाहेर येऊन सांगायचंस ना!" आई मध्ये पडली म्हणून वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या गेटापाशी त्याचा चष्मेवाला मित्र एकटाच उभा. इकडेतिकडे बघत पुटपुटला, "ताई, ती जागा आहे का अजून? माझं बघ ना. फक्त कट्ट्यावर कळू देऊ नकोस."

माझं डोकंच फिरलं. "काल साहेब विचारत होते, तेव्हा मिठाची गुळणी धरली होतीस का?"

तो काही बोलणार, तेवढ्यात कोपऱ्यावरून त्यांच्यातलाच दुसरा आला. तोही एकटा, चापूनचोपून भांग पाडलेला. दोघं एकमेकांना बघून दचकले.

"इकडे कुठे रे?"

"सहज. तू?"

"मी पण सहजच."

आणि माझ्यादेखत एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दोघं टाकीकडे निघाले.