झऱ्याच्या वरचं बांधकाम

शैला गेल्याचा फोन तिच्या मुलीने केला, तेव्हा मी सूसला एका अर्धवट स्लॅबवर उभा होतो. "काका, आई गेली... झोपेतच." आजूबाजूला सेंट्रिंगवाल्यांचे हातोडे चालूच होते. ती आर्किटेक्ट, मी तिचा स्ट्रक्चरल इंजिनिअर. बारा वर्षं एका टेबलावर भांडलो आम्ही. त्यातलं सर्वांत मोठं भांडण मालेचं.

माले गावाच्या वरच्या उतारावर एका कंपनीला प्रशिक्षण केंद्र बांधायचं होतं. नकाशे मंजूर झालेले, आमच्या हाती दुसरं काम नाही. पायाची आखणी करायला गेलो, तर खाली झऱ्यावर बायका पाणी भरत होत्या. त्यातल्या अंजनाबाईंनी शैलाला सरळ विचारलं, "वर खणलं की हितलं पाणी तुटंल, ताई. मग आमी कुटं जायाचं?"

शैलाने आखणी थांबवली. मी चिडलो. "आता? काम जाईल हातचं!"

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि तडक कंपनीच्या मालकांसमोर जाऊन बसली. ते म्हणाले, "मॅडम, दरीचा देखावा बघूनच जमीन घेतलीय."

"या इमारतीची किंमत तुम्ही एकटे देत नाही. झरा खालच्या बायकांचा जाणार, चराईचं रान जाणार, नव्या दगडासाठी आणखी एक टेकडी फोडणार. ते सगळं धरा, आणि मग सांगा, परवडतं का?"

"मी दुसरा आर्किटेक्ट बघू शकतो."

"बघा. पण आधी एकदा माझ्याबरोबर झऱ्यावर चला."

ते आले, याचं मला आजही नवल वाटतं. अंजनाबाईंनी त्यांना तांब्याभर पाणी दिलं. ते सगळं प्यायले, आणि परतताना म्हणाले, "इमारत कुठे हलवता येईल?"

पलीकडे एक सोडून दिलेली दगडखाण होती. त्या खड्ड्यात, तिथल्याच पडक्या दगडांत, शैलाने ती बैठी इमारत बसवली. देखावा गेला, माझी सगळी गणितं नव्याने झाली, आणि मी रोज कुरकुरलो. पण उद्घाटन भर मे महिन्यात होतं आणि झरा वाहत होता! अंजनाबाई नारळ शैलाच्या हाती देऊ लागल्या. "तुमी फोडा, ताई." शैला हसून मागे सरली. मग बाईंनी असा दणका दिला की मालकांच्या सदऱ्यावर पाणी उडालं, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

परवा मालेला गेलो. बांधकाम मजुरांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचं नाही, म्हणून शैलाने सर्वांत आधी पक्क्या खोल्या बांधून घेतल्या होत्या. त्यांतल्या एकीत आता बालवाडी भरते. खिडक्यांची उंची ठरवताना शैला जमिनीवर मांडी घालून बसायची, मजुरांची पोरं जिथे बसणार तिथे. मीही तसाच बसलो. पोरं पाढे ओरडत होती... आणि त्यांच्या डोक्यांवरून, खिडकीच्या चौकटीत, आम्ही जिथे खणणार होतो तो डोंगर दिसत होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, अख्खा.