पंधरवड्यानंतरची गाडी

भाऊजींचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी अमरावतीला, आमच्या घराच्या फाटकात, मोटारसायकलला किक मारत होते. "शीला गेली," एवढंच ते म्हणाले. मी विचारलं, "कोणत्या रस्त्यावर?" त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "रस्त्यावर नाई वं बाई... घरात. डबा भरता भरता खाली बसली अन् उठलीच नाई." या फोनची मी कित्येक वर्षं मनातल्या मनात तयारी केलेली होती. त्यातला अकोटचा रस्ता ठरलेला होता, समोरून येणारा ट्रक ठरलेला होता, आपण कोणत्या बसनं निघायचं तेही ठरलेलं होतं. स्वयंपाकघर त्यात कुठेच नव्हतं. सख्खी बहीण गेल्याचं ऐकून माणूस रडतो, मी रस्त्याचं नाव विचारलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

शीलाताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. राहायला अकोल्यात, नोकरी अकोटच्या बाजूच्या खेड्यांत, आरोग्यसेविका म्हणून. सुरुवातीला स्कूटर होती, पण पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला अशी धरते की चाक फिरायचंच थांबतं. दोनदा स्कूटर बांधावर सोडून, लसीची पेटी खांद्याला अडकवून ती पायी गेली, आणि तिसऱ्या वेळी सरळ मोटारसायकल घेऊन आली. शंभर सीसीची, साधी. पुढचा मडगार्ड तिनं वर उचलून बसवून घेतला होता, चिखल अडकू नये म्हणून. गावातल्या बाया तिला मोटरसायकलवाली सिस्टर म्हणत. मी मात्र घरातली भित्री. कुकरची शिट्टी, मोकाट कुत्री, उघडी विहीर, यांतलं मला कशाचंही भ्या वाटू शकतं, आणि त्या सगळ्यांच्या वर ताईची गाडी. रोज संध्याकाळी मी फोन करून "पोचली काय?" विचारत असे. ती म्हणे, "नाई, अजून रस्त्यातच मरून पडली हावो. ठेव फोन, भाजी करपून राहिली."

चाळिशी ओलांडल्यावर माझी बदली अचलपूर रस्त्यावरच्या एका शाळेत झाली. बस फाट्यावर सोडते, तिथून चार किलोमीटर आत. पहिला महिना मी कोणाच्या ना कोणाच्या मागे बसून गेले. ताईला ते कळलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं मला अकोटला बोलावून घेतलं. तिच्या ओळखीच्या एका जिनिंगचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार उन्हाळ्यात रिकामं असतं. कापसाचा हंगाम संपलेला, कोपऱ्यात थोडी सरकी सांडलेली, बाकी मोकळं मैदान. पहिले तीन दिवस मी क्लच सोडला की गाडी टुणकन उडी मारून बंद पडे. चौथ्या दिवशी ती शेजारी उभी राहिली आणि मी क्लच सोडायच्या नेमक्या क्षणी तिनं विचारलं, "काल भाजी काय केली होती वं?" मी म्हटलं, "चवळीची," आणि बघते तर गाडी चालत होती! लस टोचताना लेकरांना ती असंच काहीतरी विचारायची, सुई आत जाते त्याच वेळेला. मी तिच्यावर चिडले. मी लेकरू आहे का, म्हणाले. त्याच दिवशी वळण घेताना पडले, सायलेन्सरला पोटरी भाजली. त्यावर गार पाणी ओतत ती म्हणाली, "आता झाली तू मोटरसायकलवाली." मी परत निघताना तिनं ती गाडी मलाच दिली. भाऊजी आयुष्यभर एसटीनं जाणारे, त्यांची तशीच एक लहान गाडी घरात पडून होती, ती तिनं घेतली.

मोठ्या गाडीचं खूळ तिच्या डोक्यात कधी शिरलं ते मला नक्की सांगता येणार नाही. साडेतीनशे सीसीची गाडी. वजन जवळजवळ दोनशे किलो आणि ताईची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. "तुले मांगं बसवून चिखलदऱ्याले नेतो," म्हणायची. "दोघी बसलो का घाटात ही लहान गाडी रडते. थांबून थांबून धापा टाकते." मी म्हणे, रडू दे, आपण बसनं जाऊ. मी तिला एकेक भीती मोजून दाखवायची... पडली तर उचलणार कोण, ब्रेक लागला नाही तर, पिळल्याबरोबर सुसाट गेली तर. ती ऐकून घ्यायची. एकदा मात्र मीच अडचणीत आले. शाळेतून परतताना, परतवाड्याहून येणाऱ्या कापसाच्या ट्रकला मी ओलांडायला गेले आणि अर्ध्या वाटेत माझ्या गाडीचा जोर संपला. मूठ पूर्ण पिळलेली आणि गाडी ट्रकच्या चाकाशेजारी जिथल्या तिथं. वर बांधलेला कापूस माझ्या डोक्यावर झुकलेला, समोरून एसटी येत होती. कशी मागे आले ते आठवत नाही. हे मी ताईला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मोठी गाडी घ्यायला तिला माझ्याकडूनच कारण मिळालं असतं. लहान इंजिन मला ट्रकजवळ सोडून देतं आणि मोठं मला फेकून देईल, या दोन भीतींच्या मध्ये मी रोज शाळेत जात होते.

गणपती उठल्यावरच्या रविवारी ती अमरावतीला आली. आमची तीच शेवटची भेट. मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवला. नोंदणी केली होती, गाडी अकोल्याच्या शोरूममध्ये येऊन उभी होती. तिनं मला समोर बसवून विचारलं, "सांग. घेऊ का नको घेऊ? तू नको म्हटलं त नाई घेत." चेष्टा करत नव्हती. नको म्हणायला मला तोंड उघडता आलं असतं. पण हातातोंडाशी आलेली तिची गाडी मी काढून घेतली, असं ती जन्मभर म्हणेल, ही आणखी एक भीती... म्हणून मी म्हटलं, "अवं, पंधरवडा लागून राहिला. पितरायच्या दिवसात कोणी गाडी घेते काय?" ती हसली. "आपल्याले कायचा पंधरवडा वं? आज्यानं दीक्षा घेतली तवाच हे सारं सोडून देलं ना?" खरंच होतं. आमच्या घरात बुद्धवंदना होते. श्राद्ध, पितर, अशुभ दिवस, हे आम्ही दोघींनी फक्त शेजारच्या घरांत पाहिलेलं. शाळेत मुलांना मीच सांगते की दिवस सगळे सारखे. आणि मी तिच्यासमोर बसून म्हणाले, "तरी बी. लोक काय म्हणतीन?" ती फार हुज्जत न घालता म्हणाली, "बरं. दसऱ्याले घेऊ. आपला बी दीक्षेचा दिवस तोच." मला वाटलं, दसऱ्यापर्यंतचे दिवस मिळाले, तेवढ्यात काही सुचेल. त्या पंधरवड्यातच ती गेली.

पुढचे दिवस मी एकच गोष्ट चघळत बसले होते. ज्या रूढीवर माझा काडीचा विश्वास नाही ती पुढे करून मी तिची गाडी अडवली, आणि तिच्याजवळ तेवढेच दिवस होते. रस्त्यानं तिचं काही केलं नव्हतं, जे केलं ते माझ्या भीतीनं केलं, असं मला वाटे. दिवाळीच्या तोंडावर शोरूममधून भाऊजींना फोन आला, गाडीचं काय करायचं म्हणून. भाऊजी मला म्हणाले, "मी त्या गाडीकडे पाहू शकत नाई. तुले चालवता येते. घ्यायची त तू घे, नाई त नाई म्हणून सांग. तू ठरव." मी नाही म्हणून सांगायलाच अकोल्याला गेले.

शोरूममधला विक्रेता माझ्याच वयाचा असेल. मी कोणाची बहीण ते सांगितल्यावर त्यानं खुर्ची दिली, पाणी आणलं. म्हणाला, "ताई चारदा आल्या होत्या. गाडी आली त्याच दिवशी आल्या, बसल्या, चालू केली अन् बंद करून उतरल्या. दुसऱ्या बारीले बी तसंच. मूठ काई पिळली नाई त्यायनं. मी म्हटलं, ताई, कागद तयार हायेत, आजच घेऊन जा. त म्हणे, नाई भाऊ, पुढं पंधरवडा लागते, आमच्या घरी चालत नाई." मी विचारलं, हे कधी म्हणाली? त्यानं वही पाहिली. गणपती बसायच्या आधीची गोष्ट होती. म्हणजे ती माझ्याकडे आली त्याच्या कितीतरी आधीची.

त्या खुर्चीत मला हसू आलं, मग मी रडले, आणि तो बिचारा पंख्याचं बटण शोधत राहिला. आम्ही दोघी बहिणींनी, एकीनं शोरूमवाल्याला आणि दुसरीनं बहिणीला, नेमकी एकच थाप मारली होती, आणि तीही जी आमच्या घरात कोणालाच पटली नसती. गाडी मी अडवली नव्हती. पण त्यानं माझं मन हलकं झालं नाही. ताई त्या रविवारी माझ्याकडे परवानगी मागायला आलीच नव्हती. तिला भ्या वाटत होतं आणि ते कुठंतरी बोलायचं होतं. लहानपणापासून घरातली सगळी भीती मी एकटीनं अडवून बसले होते. तिच्या वाट्याला नुसतं धाडस उरलं, आणि ते ती निमूटपणे करत राहिली, चिखलात, उन्हात, एकटी. मी एकदा तरी विचारायला हवं होतं, ताई, तुले भेव लागते काय? एवढ्या वर्षांत ‘पोचली काय’ सोडून मी तिला काही विचारलंच नाही.

मी नाही म्हणून सांगितलं नाही. आठ दिवस त्याच शोरूमच्या मागच्या मैदानात चालवून पाहिली, दोनदा पाडली, दोन माणसांनी उचलली. मग एका सकाळी अमरावतीला निघाले. मूर्तिजापूरपर्यंत तर मी श्वास मोजून घेत होते. ट्रक बाजूनं गेला की गाडी हलायची नाही, मीच हलायचे. ज्या ट्रकला ओलांडलं तो आरशात लहान होत गेला तेव्हाही धीर आला नाही. घरी पोचले तेव्हा डाव्या हाताची बोटं सरळ होईनात. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकनं पाहिलं, म्हणाला, "मॅडम, क्लचची लिव्हर लय जवळ घेतलेली हाय, लहान हाताच्या माणसाची. तुमची बोटं लांब. दोन मिनिटाचं काम हाय, लांब सरकवून देतो." ताईचा हात पुरत नव्हता म्हणून तिनं शोरूममध्ये ती जवळ घ्यायला लावली असणार. मी त्याला हात लावू दिला नाही. रोज सकाळी फाटकात ती लिव्हर मुठीत दाबून धरते, बोटं अवघडतात, आणि शेजारचे दारात उभे असले तरी मी मोठ्यानं म्हणते, "ताई, मले लय भेव लागून राहिलं," आणि मग हळूहळू क्लच सोडते.