पूर्णेच्या काठावरच्या महालक्ष्म्या

माझ्या लेकीचं पहिलं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर मी देवपूजा सोडली नाही. सकाळी दिवा लागायचा, तुळशीला पाणी पडायचं, एकादशी पाळली जायची. पण हात जोडले की मनात यायचं, हे सगळं कुणी ऐकतं तरी का? ही गोष्ट कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. घरात मी थोरली सून, आणि गावात सगळे मला मोठी भाविक समजत.

आमचं घर बीबी गावचं. विहिरीवरचा मळा, त्यात वांगी, मेथी, कांदे, मिरच्या. खाऊनपिऊन बरं होतं. तरी मला आठवतं तेव्हापासून मी सुख पुढे ढकलत आले. दिरांची लग्नं होऊ देत, मग निवांत बसू. विहीर बांधून होऊ दे. सुभद्रेला चांगलं घर मिळू दे. एक झालं की दुसरं समोर उभंच असे. भादव्यात महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, यायच्या, तेव्हाही तेच. सोळा भाज्या जमल्या का, पुरण सैल तर झालं नाही, कुणी सोवळ्यात शिवलं तर नाही, यात जीव अर्धा होऊन जाई. देवीला मीच साडी नेसवायची, मुखवटा मीच चढवायची. पण तिच्याकडे मान वर करून बघितल्याचं मला आठवत नाही. विसर्जन झालं की 'पार पडलं एकदाचं' म्हणायचं आणि पाठ टेकायची.

सुभद्रा आम्ही सोनाळ्याला दिली होती. जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, पार सातपुड्याच्या पायथ्याशी. एवढ्या लांब पोरगी कशाला देता, असं सगळेच म्हणाले होते. ती दुसऱ्यांदा गरोदर राहिली, पण पायावर सूज असल्यामुळे तिला बाळंतपणाला माहेरी आणता आलं नाही. महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या असताना जावयांचे चुलतभाऊ आमच्या ओसरीवर येऊन बसले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "सुभद्रावहिनी लय घाबरल्या आहेत. मायले बोलवा, मायले बोलवा, येवढंच म्हणून राह्यल्या."

घरात महालक्ष्म्या आणि थोरली सून घरात नाही, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. पण सासूबाईच म्हणाल्या, "तू जाय. देवीले मी पाहून घेतो." मी धाकट्या दिरांना, नारायणभाऊजींना, बरोबर घेऊन निघाले. मेहकरपर्यंत आमची बैलगाडी, तिथून खामगावपर्यंत मोटर. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, मोटर कोळशावर चालायची आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. खामगावहून मिळेल त्या बैलगाडीने आम्ही पूर्णेपर्यंत आलो आणि तिथे सगळंच थांबलं.

आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण वर कुठेतरी पाऊस झाला असावा. नदी मातीच्या रंगाची होऊन दोन्ही काठांना घासत चालली होती. अख्खी बाभूळ मुळासकट वाहत गेलेली मी पाहिली. त्या वाटेला तेव्हा पूल नव्हता. नारायणभाऊजी नावाड्याला भेटून आले आणि खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, तो नाई म्हणते. पाणी उतरल्याबिगर नाव घालत नाई."

काठावर महादेवाचं देऊळ होतं. त्याच्या पडवीत आमच्यासारखीच अडकलेली माणसं बसली होती. त्यांच्यात मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच होतं. तो महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. मी घाटाच्या पायरीवर बसून पलीकडचा काठ बघत होते. तिकडे माझी लेक, इकडे मी, आणि घरी देवी माझ्याविना बसलेली. मी कुठेच पुरी पडले नव्हते. नदीला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या, देवालाही दिल्या, आणि मग तोंडावर पदर घेऊन रडले.

"काऊन वो माय, रडून राह्यली?" एक म्हातारी बाई माझ्याजवळ येऊन बसली होती. लुगड्याला ठिगळं, काखेत लहानसं गाठोडं. तिचं गाव पलीकडच्या काठाला होतं. सणासाठी घरी निघालेली तीही अडकली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने मधेच थांबवलं नाही, हळहळलीही नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "तिकडचं तुह्या हाती हाये काय?"

"नाही."

"मंग तिकडचं जिच्या हाती हाये, तिले करू दे. इथचं तुह्या हाती हाये, ते तू कर. आज तिच्या जेवणाचा दिवस. माह्याजवळ जवारीचं पीठ हाये. आंबील करू."

मी म्हटलं, "इथे देवी कुठे आहे?" ती हसली. पाण्याच्या कडेला गेली आणि दोन लांबट गोटे धुऊन घेऊन आली. पडवीतल्या आणखी दोघीतिघी उठल्या. एकीने हळद-कुंकू काढलं, एकीने आपला धुतलेला खण दिला. कुणाजवळ गूळ निघाला, नावाड्याच्या बायकोने ताक आणि मातीचं मडकं दिलं. नारायणभाऊजींनी काटक्या गोळा केल्या. काठावर उगवलेली केनी खुडून मी भाजी केली. तीन दगडांच्या चुलीवर आंबील रटरटायला लागली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बराच वेळ मी पलीकडे पाहिलंच नव्हतं.

नैवेद्य दाखवून आम्ही हात जोडले. पुढचं काही काम राहिलं नव्हतं. वाढायला पंगती नव्हत्या, पाहुणे नव्हते, चुकलं म्हणून बोलायला कुणी नव्हतं. म्हणून मी त्या दोन गोट्यांकडे नुसती बघत बसले. ओल्या दगडावर कुंकू थोडं ओघळलं होतं. ऊन पडलं होतं. माझ्या मनातली कालवाकालव बसत गेली. मी लेकीसाठी काही मागितलं नाही. एवढंच म्हटलं, "आई, ती तुझी आहे, मीही तुझीच आहे." मग आम्ही सगळ्यांनी पळसाच्या पानांवर भाजी आणि द्रोणात आंबील घेतली. त्या आंबिलीत मीठ कमी होतं. ते कळूनही मला काही वाटलं नाही. लेकीची काळजी तशीच होती, तरी मी सुखात होते. या दोन गोष्टी एका मनात मावतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. नावेत म्हातारी आमच्याबरोबरच होती. पलीकडे उतरल्यावर "जातो वो माय," म्हणून ती नदीच्या कडेकडेने पायवाटेला लागली. मी तिचं नाव विचारायचं विसरले. परतताना नावाड्याला विचारलं, तर तो म्हणाला, "अशा म्हाताऱ्या रोजच येतात-जातात बाई, कोणची सांगू?"

सोनाळ्याला पोचून मी दारात पाय ठेवला. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. सुभद्रा बाजेवर पडली होती. चेहरा पांढरा पडलेला, पण डोळे उघडे. मला बघून म्हणाली, "आई, उशीर केला वो तू." आणि हसली. तिच्या कुशीत मुलगी होती.

बाजेशी एक अनोळखी बाई बसली होती. विहीणबाईंनी सांगितलं ते असं. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशीच सुभद्रेला कळा सुरू झाल्या. मूल पायाळू होतं आणि अडलं. गावच्या सुईणीने हात टेकले. ही बाई पूर्णेच्या आमच्या काठावरच्या गावची, हुशार सुईण. भाचीकडे सोनाळ्याला आली होती आणि सणाला घरी जायला निघाली होती. पण नदीला पूर म्हणून अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली. तिने मूल फिरवून सोडवलं.

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती संकोचून म्हणाली, "माह्ये पाय काऊन धरता बाई? पाणी नसतं तर मी इथं नसती."

 ज्या पुराला मी शिव्या घातल्या होत्या, त्यानेच हिला माझ्या लेकीपाशी थांबवून धरलं होतं. बाळ जन्मलं ती वेळ आणि आमच्या नैवेद्याची वेळ एकच होती की काय, हे मी पडताळून पाहिलं नाही. कुणी याला योगायोग म्हणेल, त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पाणी लवकर उतरलं असतं तर मी पोचले असते, आणि माझ्या हातून काहीच झालं नसतं, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

त्यानंतर माझं आयुष्य काही सोपं झालं नाही. पुढे दोन वर्षांनी हे गेले. त्या दुःखात मी आनंदी होते असं म्हटलं तर खोटं होईल. पण तेव्हाही माहेरी आलेल्या सुभद्रेची पोर माझ्या ताटातला घास उचलून खायची, तेव्हा तो घडीभराचा आनंद मला दिसायचा. पूर्वी दिसला नसता. मोठं सुख मागून मिळतं की नाही, मला सांगता येत नाही. मिळालेलं सुख मात्र थांबून बघितलं की वाढतं, असा माझा अनुभव आहे. बाकीचं देवीचं देवीवर सोपवावं. सोपवायला जड जातं, रोज नव्याने सोपवावं लागतं. मी अजून शिकतेच आहे.

संध्याकाळी मळ्यातली भाजी निवडून झाली की मी थोडा वेळ काही न करता बसते. मुलाचं लग्न होऊन नवी सून आली, तेव्हा तिला मला बरं नाही असं वाटलं. धावत आली, "आत्याबाई, काय झालं?"

"काही नाही बाई, बसले आहे नुसती."

तिला ते विचित्र वाटलं असावं. काही दिवस ती लांबूनच बघायची. एक दिवस हातातलं खुरपं ठेवून जवळ आली आणि न विचारता माझ्या शेजारी बसली. मेथीच्या वाफ्यावर ऊन उतरत होतं.  मी मनातल्या मनात हात जोडले.