काका म्हणून भिलाईला

वर्ध्याच्या फलाटावर मला सोडायला माझ्या चर्चच्या मंडळीतले दोघे जण आले होते. त्यांना मी सांगितले होते की रायपूरला पाळकांची सभा आहे. एकाने पेरूंची पिशवी दिली, दुसऱ्याने प्रवासासाठी प्रार्थना केली. डोळे मिटून मी दोन्ही स्वीकारले. सभा कसलीच नव्हती. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात कोपरा फाडलेले एक कार्ड होते आणि ते मी कोणालाही दाखवले नव्हते.

कार्ड भिलाईहून आले होते. ‘काकाजींना जयभीम. तुमचा पुतण्या शामराव साळवे काविळीने वारला. आम्ही माती दिली. कळावे. सुखदेव रामटेके.’ खाली क्वार्टरचा नंबर होता.

मला पुतण्या नाही. भाऊच नाही, तर पुतण्या कुठून असणार? मला एक मुलगा होता, शमुवेल, आणि तो भिलाईला नव्या पोलाद कारखान्यात फिटर होता. कार्ड आले त्या दिवसापासून मी मनाशी एकच घोकत होतो. मेला तो कोणीतरी शामराव आहे, कोणाचा तरी पुतण्या आहे. कारखाना उभारायला देशभरातून हजारो माणसे गेली होती. साळवे काय एकच असतील? कोणीतरी पत्ता चुकवला असेल. नाहीतर यात काही लबाडी असेल.

शमुवेल घर सोडून गेला त्याला चार वर्षे झाली होती. त्याची आई, माझी रूथ, तापाने गेली तेव्हा मी दौऱ्यावर होतो. निरोप मिळाला, पण त्या गावात दोन दिवसांनी बाप्तिस्मा ठरला होता. तो उरकूनच मी निघालो. घरी पोचलो तेव्हा मुलाने एकट्याने आईला माती दिली होती. तो मला एक शब्दही बोलला नाही. आठवड्याने निघून गेला. पुढे भिलाईचा पत्ता लिहिलेले एकच कार्ड आले. मी दर महिन्याला पत्र टाकत राहिलो. उत्तर कधी आले नाही.

नागपूरला गाडी बदलली. डब्यात भंडाऱ्याकडची माणसे भरली होती, पेट्या, वळकट्या, कोंबड्यांसकट. सगळी भिलाईला. गोंदिया गेले, झोप लागली, आणि डोंगरगडच्या टेकड्या मागे पडल्यावर उजाडले. दोन्हीकडे कापणी झालेली भाताची शेते आणि मधूनमधून पळसाची झाडे. शेजारच्या माणसाने सांगितले, “दुर्गलेच उतरा जी. तिथून मोटर भेटते.” त्याची नजर माझ्या पेरूंवर आहे असे मला वाटले. मी उतरलो नाही. पुढे एका लहानशा स्टेशनावर उतरलो, तिथे मोटर नव्हती, रिक्षा एकच होती, आणि तिचीही साखळी वाटेत तुटली. बॅग खांद्यावर घेऊन मैल-दीड मैल चालत आलो. त्या माणसाने खरे तेच सांगितले होते.

चालताना कारखाना प्रथम दिसला. आधी धूर, मग धुरांडी, मग लोखंडी सांगाड्यांवर मुंग्यांसारखी माणसे. रस्त्याकडेच्या पानापानावर लाल धूळ बसली होती. माझा पांढरा कोटही थोड्या वेळात विटकरी झाला. एका वळणावर भाजीवालीपुढे एक गोरा रशियन साहेब उकिडवा बसून बोटांनी टमाट्यांचा भाव करत होता. ती त्याला छत्तीसगडीत रागावत होती आणि तो हसत होता.

वस्तीत सगळी घरे एकाच साच्यातली. सारखी दारे, सारख्या खिडक्या, प्रत्येक घरापुढे विटांच्या कठड्यात एक रोपटे. मी आधी भलत्याच दारावर थाप मारली. तिथल्या तेलुगू बाईंनी बोट दाखवून दोन रांगा पुढे पाठवले.

दार पंचविशीच्या एका बाईने उघडले. मी म्हणालो, “रामटेके इथेच राहतात ना? मला वर्ध्याला कार्ड आले होते.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “काकाजी का?”

त्या क्षणी मी खरे सांगायला हवे होते. पण मनात आले, हे लोक काही लपवत असतील तर बापापासून लपवतील, काकापासून नाही. मी म्हणालो, “हो. काका.”

तिचे नाव यमुना. नवरा सुखदेव सकाळच्या पाळीला गेला होता. तिने पाणी दिले, बाज टाकली, आणि दारातच उभी राहिली. मग म्हणाली, “त्याच्या आईचं नाव काय होतं जी?”

“रूथ.”

“तुमी त्याच्या बापाहून मोठे का धाकटे?”

“मोठा,” मी म्हणालो. हिला हे कशाला हवे, ते कळेना. चुलीकडे वळताना ती सहज म्हणाली, “तुमच्या विहिरीचं काम झालं का? दरड कोसळली होती न?”

विहिरीची दरड कोसळल्याचे मी शमुवेलला पत्रात लिहिले होते, दुसऱ्या कोणाला नाही. म्हणजे यांनी त्याची पत्रे फोडली होती. मी नुसते “झाले” म्हणालो.

तीनच्या सुमारास सुखदेव आला. उंच, सडसडीत माणूस, हाताला ग्रीसचा वास. जयभीम करून समोर बसला. भंडाऱ्याकडचा शेतमजुराचा मुलगा, आता कारखान्यात रिगर, म्हणजे अवजड लोखंड दोरखंडांनी उचलून जागेवर बसवणारा. आमच्या भागातली कितीतरी घरे आमच्या मंडळीच्या उंबरठ्यापर्यंत येऊन चार वर्षांपूर्वी बौद्ध झाली होती, आणि त्याची एक अढी माझ्या मनात होती. आज ती लपवायचे कारण नाही.

“कसा गेला तो?” मी विचारले.

“काविळीनं. दवाखान्यात होता.”

त्याच संध्याकाळी नळावर शेजारची म्हातारी मला म्हणाली, “याच घरात गेला बिचारा. यमुनीच्या डोळ्यापुढं.” मी आत येऊन विचारले, त्याची पेटी कुठे आहे? नवराबायकोने एकमेकांकडे पाहिले.

“पेटी नाई इथं आता,” सुखदेव म्हणाला.

“मग कुठे आहे?”

“पाहू न जी उद्या.”

जेवायला भात आणि तिवऱ्याची भाजी (आपल्याकडची लाखोळी) होती. चांगली झाली होती, पण माझे लक्ष ताटात नव्हते. पेटी नाही, दवाखाना की घर ते नक्की नाही, पत्रे फोडलेली. मी बाजेवर पडून एकेक गोष्ट जोडत राहिलो. त्यातही आशा शिल्लक होतीच. हे लबाड असतील तर शामरावही खोटा असेल.

सकाळी सुखदेव सुट्टीची चिठ्ठी द्यायला गेला. यमुनाने स्वयंपाकघरात चीला (तांदळाच्या पिठाचे धिरडे) आणि मिरचीची चटणी वाढली. बसलो तिथे समोरच्या भिंतीवर ऊन पडले होते, आणि उन्हात कोळशाने लिहिलेली अक्षरे दिसली. अ, आ, इ, ई. खाली क, ख, ग, असे शेवटपर्यंत.

“हे काय आहे?”

“शामभाऊ शिकवत होता मले. वाचता येत नवतं न. रोज चार अक्षरं.”

मी उठून भिंतीजवळ गेलो. रूथ शाळेत शिकवत असे. तिचा ‘ळ’ शेवटी एक उगीचचा वेढा घेई, आणि त्यावरून मी तिची थट्टा करत असे. तिने मुलाला तोच ‘ळ’ शिकवला होता. भिंतीवर तो होता.

मी परत येऊन पाटावर बसलो. चीला तसाच राहिला. मग मी विचारले, “माझी पत्रे कोणी फोडली?”

“कायले फोडू आमी?” ती म्हणाली. “तोच वाचून दाखवत होता. ‘काकाचं पत्र आलं’ म्हणे, आन मोठ्यानं वाचे. विहीर, पेरूचं झाड, कोण आजारी, कोणाचं लगन. आदी एकटाच वाचे, मंग आमच्यासाठी.”

“आणि बापाबद्दल काय सांगत होता?”

तिने तवा उतरवला. “आई गेली त्याच आठवड्यात बापही गेला म्हणे. चांगला माणूस होता म्हणे. लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून गावोगाव नेत होता. बापाचं सांगताना एकदा रडला तो. मी म्हटलं, रडू नको, काका तरी आहे तुले.”

चार वर्षे मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि चार वर्षे त्याने माझ्यासाठी दुखवटा पाळला. मी यमुनाला म्हणालो, “माझा भाऊ खरेच चांगला होता. मी धाकटा, त्याच्याच अंगाखांद्यावर वाढलो.” बोलून गेलो, आणि काय बोललो ते माझ्या ध्यानातही आले नाही.

दुपारी तिघे थडग्याकडे निघालो. उतई गावाच्या वाटेला, वस्ती संपते तिथे एक माळ आहे. वाटेत एक सियान (वडीलधारा माणूस) आमच्याबरोबर चालू लागला. कारखान्याच्या कुंपणाकडे काठी करून म्हणाला, “मोर खेत इहें रिहिस.” (माझे शेत इथेच होते.) आता तो तिथेच माती वाहण्याच्या कामावर जात होता. माझे कोण गेले असे त्याने मला विचारले. मी म्हणालो, पुतण्या. तो मान हलवून वळणावरून गेला.

माळावर पाच-सहा उंचवटे होते. एकावर दगड रचून वर चुना मारला होता. सुखदेव म्हणाला, “हाच. तुमची प्रार्थना आमाले येत नवती. आमी त्रिशरण म्हटलं. चाललं न जी?”

मी होय म्हणालो. टोपी काढली, पण शब्द येईनात. हजार माणसांच्या मातीवर मी बोललो असेन. तेव्हा सुखदेव माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“काकाजी, एक पुसतो. काल तुमी त्याच्या बापाहून मोठे होते. आज सकाळी धाकटे झाले. यमुनेनं सांगतलं मले. मागच्या हप्त्यात एक जण त्याचा मामा बनून आला होता पेटी मागाले. त्याले आईचं नाव सांगता आलं नाई. म्हणून पेटी दुसरीकडं ठेवली, तुमाले सांगतली नाई. आता खरं सांगा, तुमी कोण?”

जेवढा संशय मी त्यांच्यावर घेतला होता, तेवढाच त्यांनी माझ्यावर घेतला होता. फरक इतकाच की त्यांचा खरा होता.

“मी त्याचा बाप आहे,” मी म्हणालो.

सुखदेवने यमुनाकडे पाहिले. ती खाली बसली. मग सुखदेव म्हणाला, “बाप जिता आहे हे मालूम असतं तर तार केली असती. डॉक्टरनं सांगतलं होतं, आता घरी न्या म्हणत असल तर न्या. त्यालेच घरी यायचं होतं. घरी आणल्यावर दोन दिवस होता तो. शुद्धीत होता. दोन दिवसात तुमी पोचले असते.”

“हो,” मी म्हणालो. “पोचलो असतो.”

“काकाले काय, कार्ड टाकलं तरी चालते, असं वाटलं आमाले.”

त्याने पायाजवळचा एक खडा उचलून दूर भिरकावला. मला वाटले तो माझ्यावर रागावला आहे. तो स्वतःवर रागावला होता. मी त्याचा हात धरला आणि त्याला सर्व सांगितले. रूथचा ताप, आलेला निरोप, बाप्तिस्म्यासाठी थांबलेले दोन दिवस. हे मी आजवर कोणापाशी बोललो नव्हतो. यमुना ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, “त्यानं शेवटी पाणी मागितलं. मंग म्हणे, बाबाची सायकल दारात आहे का पाह्य. मले वाटलं, ताप डोक्यात गेला.”

मी गुडघे टेकले. प्रार्थना लहानच झाली. शमुवेलचे पूर्ण नाव मी मोठ्याने घेतले, कारण त्या जागी ते कोणी घेतले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुखदेवने पेटी हथखोजला राहणाऱ्या आपल्या साडूकडून आणली. आत दोन सदरे, दाढीचे सामान, आणि सुतळीने बांधलेली माझी पत्रे, तारखेच्या क्रमाने. सदरे मी सुखदेवला दिले. यमुनाला विचारले, पत्रे ठेवतेस का? आता तुला वाचता येते. ती म्हणाली, “दोन ठेवते. विहिरीचं आन पेरूचं.” निघताना तिने पुरचुंडी बांधून दिली आणि मला “बाबाजी” म्हणाली. या वेळी दुर्गलाच गाडीत बसलो. समोरच्या प्रवाशाने जागा करून दिली. मी ती कसलीही शंका न घेता घेतली.

वर्ध्याला फलाटावर कोणी नव्हते. रविवारी उपासनेनंतर मी मंडळीला थांबवले आणि सभेची गोष्ट खोटी होती हे सांगितले. बाकीचेही सांगितले, रूथच्या दोन दिवसांसकट. पेरू देणारे मास्तर पुढे येऊन नुसते शेजारी उभे राहिले.

माणसे गेल्यावर मी कपाटातून मृतांची नोंदवही काढली. तीस वर्षे तिच्यातली प्रत्येक नोंद माझ्या हातची आहे. नाव: शमुवेल. राहणार: भिलाई. कारण: कावीळ. बापाचे नाव या रकान्यात मी माझे नाव लिहिले आणि पुढे कंसात ‘हयात’ असे लिहिले. तशी रीत नाही. शेवटचा रकाना असतो, अंत्यविधी कोणी केला. तिथे नेहमी पाळकाचे नाव येते. मी दौत जवळ ओढली आणि सावकाश, सुवाच्य लिहिले: सुखदेव व यमुना रामटेके.