करवंदीच्या जाळीतली पिसं

हे मी माझ्या नवऱ्यालाही बोलले नव्हते. तो गेला बिचारा, रस्ता ओलांडताना गाडीखाली आला, आणि शेवटपर्यंत त्याला वाटत राहिलं की आपली बायको फार सरळ आहे. पिल्लांना सांगायचा तर प्रश्नच नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका. तुम्ही माणसं आहात म्हणून असेल. वाईट केलं ते तुमच्यातल्याच एकीचं केलं.

मी कोल्हीण आहे. हसलात ना? हसा. कोल्हा म्हटला की लबाड, हे तुम्ही पोरांना बाराखडीच्या आधी शिकवता. मला त्याचा फार राग यायचा. अरे, आम्ही कधी केली लबाडी, दाखवा तरी! असं मी कितीतरी वर्षं मनातल्या मनात तणतणत होते. आणि मग मी ती केली.

मालवण संपतं तिथे एक चढ लागतो आणि चढावर सडा आहे, जांभ्या दगडाचा उघडा माळ. माझं बीळ तिथेच, करवंदीच्या जाळीखाली. जाळीतून खाली बघितलं की पहिलं घर शेवंतीकाकीचं. त्याला लागून पर्यटकांसाठी खोल्या बांधलेली नवी इमारत. माझा सगळा जन्म या दोन घरांकडे बघण्यात गेला. माणसाची बोली मला कशी कळते म्हणाल, तर आई सांगायची, बाई गं, माणसाच्या आवाजाकडे कान ठेव, त्यानं जीव वाचतो. कान ठेवला. सगळं कळायला लागलं. नको तेही.

तुमची मला गंमत वाटायची. सकाळी अंगण झाडता आणि तोच कचरा पेटवून त्याचा धूर घरात घेता. पाहुणे लांबून समुद्र बघायला येतात आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढतात. एकमेकांशी बोलायचं असेल तर फोनवर ओरडता, आणि समोर बसलात की गप्प. या गप्प बसण्याबद्दल मी आता काही बोलू नये म्हणा.

तर, शेवंतीकाकी. तिचा मुलगा महेश होडीवर खलाशी. आणि महेशची बायको सायली, वैभववाडीकडून आलेली, लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. समुद्राची सवय नाही, सासूची नाही, आणि माझी तर नाहीच. मे महिन्यात सड्यावर थेंबभर पाणी मिळत नाही. माझी पिल्लं तेव्हा अंगावर पीत होती. एका संध्याकाळी मी अगदी जीवावर उदार होऊन त्यांच्या परड्यात, घरामागच्या आवारात, उतरले. कपडे धुवायच्या दगडाशी दगडी डोण होती, तीत थोडं पाणी होतं. आणि समोर सायली उभी, हातात कळशी. दुसरी कोणी असती तर बोंब मारली असती, दगड तरी भिरकावला असता. ती तशीच उभी राहिली. माझ्या ओघळलेल्या आचळांकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "लेकुरवाळी दिसतस गो. पी, पाणी पी." आणि कळशी डोणीत ओतून मागं सरली.

त्यानंतर ती रोज डोण भरून ठेवायची. सासूला नकळत. मी रोज प्यायचे.

आता कोंबड्याचं सांगते. थांबा जरा... हं.

त्याच्या आदल्या पावसाच्या तोंडावर महेशची होडी वादळात अडकली होती आणि कशीबशी परत आली. काकी तेव्हा राखणदाराला कोंबड्याचा नवस बोलली. राखणदार म्हणजे त्यांच्या जागेचा देव. परड्याच्या कडेला काजऱ्याचं झाड आहे, त्याखाली एक शेंदूर लावलेला दगड. तोच घरादाराची, गुराढोरांची राखण करतो असं त्यांचं म्हणणं. तर त्याच्या नावानं एक तांबडा कोंबडा सोडला होता. होडी पावसाळ्यासाठी वर ओढायची त्या दिवशी तो द्यायचा. तोवर कोंबडा मोकळा. त्याला रात्री कोणी डालग्याखाली झाकत नसे. देवाच्या कोंबड्याला कोण झाकतं? त्या घरात कुत्राही नव्हता. राखणदार आहे ना, मग कुत्रा कशाला! काकी दर अमावास्येला तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची. बा राखणदारा म्हाराजा, जनावराचा तोंड बांधून ठेव, सरपटणाऱ्याचो दात बांधून ठेव. आणि मागून महेश, व्हय म्हाराजा! मी जाळीत बसून ऐकायचे. माझंच तोंड बांधायचं चाललेलं असायचं.

तो कोंबडा माजला होता. सड्यापर्यंत चढून यायचा आणि माझ्या जाळीसमोर उभा राहून आरवायचा. मी त्याला कधी हात लावला नव्हता. भीती देवाची नव्हती, काकीच्या काठीची होती.

मग एका दुपारी, सगळं घर जेवून आडवं झालेलं, तो पुन्हा आला, आणि मी त्याला धरला.

पिल्लांसाठी, असं मी म्हणू शकते. तुम्ही लगेच मानालही, आई म्हटली की तुम्ही विरघळता. पण ते खरं नाही. आदल्या दिवशी खालच्या वाडीत लग्न झालं होतं आणि उकिरड्यावर इतकं पडलं होतं की पिल्लांची पोटं टम्म होती. मला भूक नव्हती. त्याचा तोरा मला सहन झाला नाही, एवढंच. मी त्याला खाल्ला, अर्धामुर्धा, आणि मग घाबरून सगळी पिसं जाळीत ओढून खड्ड्यात दाबली. का? तर आधीच्या वर्षी माझ्या बहिणीच्या बिळाबाहेर कोंबडीची पिसं सापडली होती, आणि लोकांनी नारळाची सोडणं आणि मिरच्या पेटवून बिळात धूर कोंडला होता. माझ्या डोळ्यांसमोर तेच होतं.

संध्याकाळी काकी हाका मारत फिरली. कोंबडा येईना. तुम्हाला वाटेल, पहिला संशय माझ्यावर यायला हवा. कोणत्याही गावात आला असता! एका शेजाऱ्यानं म्हटलंही, "काकी, कोल्यान नेल्यान असतलो." काकी त्याच्यावर केवढी उखडली! "राखणदाराच्या कोंब्याक कोलो शिवात? तोंडां बांधलेली आसत तेंची!" झालं. जनावर नाही, मग माणूस. आणि बाहेरचा माणूस देवाच्या कोंबड्याला हात लावायला धजणार नाही, मग घरातलंच. आणि घरातलं कोण, तर सायली. ती शेजारच्या खोल्यांत पर्यटकांच्या जेवणाला मदत करायला जायची, आणि त्या दुपारी तिथे नेमके कोंबडी-वडे होते. मालकीण शपथेवर सांगत होती की कोंबडी बाजारातली. कोण ऐकतंय? सायलीनंच देवाचा कोंबडा तिकडे रांधायला दिला, असं ठरलं.

मी जाळीतून सगळं ऐकलं. आणि, आता हे सांगायलाच हवं, मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सायली एकटी सड्यावर आली. वाकून वाकून दगडांच्या फटी बघत होती, काटे अंगाला लागत होते. तिला मारलं नव्हतं कोणी, पण डोळे सुजलेले होते. मध्येच स्वतःशीच बोलायची, "एक पीस गावला तरी पुरे. एकच." फिरत फिरत ती माझ्या जाळीशी आली. खाली बसली. फांद्या बाजूला केल्या. आणि आम्ही समोरासमोर आलो.

पिसं माझ्या पोटाखाली होती. मी त्यांच्यावरच बसले होते.

तिनं मला ओळखलं. तिचा चेहरा जरा सैल झाला, म्हणाली, "तू गो? तुका दिसलो काय खंय?" आणि हात पुढे केला. मला नाही, माझ्या बाजूच्या पाचोळ्याकडे. एक वीत. मी उठून बाजूला झाले असते, नुसती उठले असते, तरी तिला तांबडी पिसं दिसली असती. पिल्लं हलवायला मला एक सकाळ पुरली असती, सड्यावर बिळांना काय तोटा? हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी काय केलं?

मी दात काढले. तिच्यावर गुरगुरले. जिनं मला महिनाभर पाणी पाजलं तिच्या अंगावर मी धावून गेल्यासारखं केलं. ती दचकून मागे पडली, हाताला काटे रुतले. क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्यात. तिला वाटलं, पिल्लांसाठी करतेय. "जातंय गो, जातंय," असं म्हणाली आणि उतरून गेली.

तुम्ही अजून ऐकताय ना?

त्याच सकाळी तिला राखणदारासमोर उभं केलं. नारळावर हात ठेवून शपथ. वाडीतली चारदोन माणसं जमली होती. मी एक पीस तोंडात धरलं. हो, धरलं, अगदी शेपटीचं, लांब, हिरवट काळं, आणि दगडी गडग्याच्या, म्हणजे परड्याच्या कुंपणाच्या, मागं येऊन बसले. नुसतं गडग्यावरून पलीकडे टाकायचं होतं. सायलीनं नारळावर हात ठेवला. म्हणाली, "मी दिवक नाय. माका कायएक म्हायत नाय." काकीनं तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं, आणि मला वाटतं, खरं सांगते, काकीला तेव्हा तिचं पटायला लागलं होतं. मग कोणीतरी काठी टेकत गडग्याच्या दिशेनं आलं. साधं थुंकायला. आणि मी पळाले. पिसासकट.

त्याच आठवड्यात होडीवर महेशचं बोट दोरीच्या यंत्रात सापडलं. बोट गेलं. हाताला पांढरी पट्टी बांधून तो खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन बसला, आणि काकीनं कपाळ बडवून घेतलं. "खोटी शपथ माझ्या झिलावर इली!" आता कोणाचीच शंका उरली नाही. वाडीची नाही, महेशचीही नाही. तो एक अक्षर बोलला नाही. मी गप्प बसण्यावरून तुम्हाला हसत होते ना? तो पट्टीकडे बघत बसला आणि सायली आत पिशवी भरत होती.

तिला न्यायला तिचा बाप आला. त्यानं काकीला हात जोडले. काकी आतून बाहेर आली नाही. सायली उंबऱ्याच्या पाया पडली आणि बापामागून एसटीच्या रस्त्याला लागली. वळणावर तिनं एकदा मागं वळून बघितलं. घराकडे. महेश उभा राहिला होता तोवर, पण खळ्यातच.

ती परत आली नाही. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. खोल्यांवाल्या मालकिणीकडून कानावर पडलं की माहेरीही लोक तिला धड राहू देत नाहीत. देवाचं खाल्लेली म्हणतात. तिच्या धाकट्या बहिणीचं जमलेलं लग्न त्यावरून मोडलं. महेश पुण्याला कुठेसा कामाला गेला. घरात काकी एकटी.

आणि आता शेवटचं. हे मला सगळ्यात जड जातंय.

परवा दिवस मावळायच्या सुमाराला मी सड्याच्या कडेला बसले होते. म्हातारी झालेय, पूर्वीसारखं लपायचं सुचत नाही. काकी राखणदाराला रोट ठेवायला आली होती. मान वर केली आणि मी दिसले. मला वाटलं, आता काठी. पण ती नुसती बघत राहिली. तीही थकलीय. मग माझ्याशी बोलायला लागली. मला नर समजून, पण असू दे.

"ये रे बाबा, ये. भियाव नको. तू जनावर, तरी देवाच्या वस्तूक तोंड लावक नाय. आणि ती माणूस आसान..." पदरानं डोळे पुसले. मग देवापुढच्या रोटाचा अर्धा तुकडा मोडला, गडग्यावर ठेवला, आणि माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले.

ती घरात गेली. मी खाली उतरले. तुकडा अजून गरम होता, गूळ घातलेला. मी तो खाल्ला.